मामा, त्या दिवशी तुम्ही नाही म्हणालात म्हणून

तीर्थस्वरूप मामांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही आभार मानू देत नाही. ‘असू दे गं’ म्हणता आणि लगेच उजनी धरणाच्या पाण्यावर बोलायला लागता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. तुमचं नाव घालत नाही, तुमच्या घरच्या मावशींना ते आवडणार नाही. पण पळसदेवच्या काठावर जाळी वाळत घालणाऱ्यांना हे पत्र कुणाला आहे ते कळेल.

2024 च्या मे महिन्याची सुरुवात होती. पाठीवर सॅक टाकून मी एकटीच निघाले होते. पुण्याहून सोलापूर, तिथून विजापूर, बदामी, पुढे हंपी. पळसदेव माझ्या यादीत कुठेच नव्हतं. साध्या एसटीत शेजारी एक आजी होत्या. भिगवण गेलं, डाळज गेलं, आणि डावीकडे पाण्याऐवजी भेगाळलेला गाळच गाळ दिसायला लागला. आजी म्हणाल्या, “औंदा पळसनाथ लवकर वर आला.” एवढंच. पुढच्या थांब्याला मी सॅक ओढून खाली उतरले. हंपी कुठे पळून जाणार नव्हती, आणि उजनीत बुडालेलं, उन्हाळ्यात पाण्यातून वर येणारं पळसनाथाचं देऊळ मला परत कधी दिसलं असतं कोण जाणे.

दुपार कलत होती. तुम्ही होडीच्या कडेला बसून जाळं सांधत होतात. मी म्हटलं, आत्ता नेता का, हवे तेवढे पैसे देते. तुम्ही वर पाहिलं ते माझ्याकडे नाही, पाण्याकडे. “आत्ता न्हाय. वारं बग की. सकाळच्याला नेतो.” मला पाणी शांतच वाटत होतं. मी पुन्हा विचारलं, तुम्ही पुन्हा नाही म्हणालात. रागावून नाही, समजावत बसूनही नाही. मग विचारलंत, “राहायची सोय हाय का?” नव्हती. तेव्हा तुम्ही मला घरी नेलंत.

मावशींनी काही विचारलं नाही. हातपाय धुवायला पाणी दिलं, चुलीवर भाकरी टाकली. चिलापी माशाचं कालवण इतकं झणझणीत होतं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तर त्यांनी न बोलता ताटात कांदा आणि दही वाढलं. रात्री माझं अंथरूण त्यांनी स्वतःच्या अंथरुणाशेजारी घातलं आणि दाराला आतून कडी घातली. एकटीनं फिरणाऱ्या बाईला त्या कडीच्या आवाजानं काय वाटतं, ते इथे वाचणाऱ्या कितीतरी जणींना माहीत असेल. मावशी, मी त्या रात्री गाढ झोपले.

पहाटे तुम्ही उठवलंत. घरात होतं ते एकच लाइफ जॅकेट माझ्या अंगात चढवून पट्टे स्वतः ओढून पाहिलेत. पाणी तेलासारखं गुळगुळीत होतं. उथळात रोहित पक्षी माना घालून उभे होते आणि त्यांच्या अंगावर उन्हाचा पहिला रंग चढत होता. शिखर दिसायला लागलं तेव्हा मी फोटो काढायच्या नादात होते. तुम्ही वल्हं थांबवलंत आणि होडीखाली बोट दाखवलंत.

“हितं आमचं वावर व्हतं. बापाची बागायती.”

मामा, तिथून पुढे मी मंदिर पाहिलं ते तुमच्या डोळ्यांनी. उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झालं हे मला पुस्तकातून माहीत होतं. भीमेच्या या जलाशयाला यशवंतसागर म्हणतात, पूर्ण भरलं की त्यात सुमारे 117 टीएमसी पाणी मावतं, त्यातला 63 टीएमसीहून अधिक नुसता मृतसाठा, म्हणजे एरवी न वापरायचं तळाचं पाणी, आणि पातळी त्याच्याही खाली उतरली की ‘उजनी उणे’ अशी बातमी येते, हेही वाचलेलं होतं. पण तो उणे आकडा जसजसा वाढतो, तसतसं तुमचं गाव वर येतं हे मला ठाऊक नव्हतं. धरणासाठी गाव उठलं तेव्हा तुम्ही शाळेत जाणारं पोर होतात. वडिलांनी काळ्या रानात नांगर धरला आणि त्याच रानावरच्या पाण्यात तुम्ही जाळं टाकायला शिकलात. हे सांगताना तुमच्या आवाजात तक्रार नव्हती. सोलापूरकडच्या रानांना पाणी मिळालं, ऊस उभा राहिला, हे तुम्हीच मला सांगितलंत. मला मात्र वाटतं, तक्रार असती तरी ती रास्तच असती.

शेवटचा टप्पा गुडघाभर गाळातून होता. तुम्ही पुढे काठी टोचत चाललात आणि तुमच्याच पावलावर पाऊल ठेवायला लावलंत. देवळाच्या जोत्याशी आल्यावर चपला काढल्यात. गाभाऱ्यात आता देव नाही, गाव हललं तेव्हा पिंड नव्या गावठाणातल्या देवळात नेली. तरी तुम्ही उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावलात, आणि मग मीही लावला.

मी बरीच पडकी देवळं पाहिलीत, पण असं नाही. मंडपाचे दगडी खांब अजून सरळ उभे. एकाच दगडात चौकोन, अष्टकोन, वर्तुळ असं एकावर एक घडवत नेलेलं काम, आणि त्याच्या प्रत्येक खाचेत वाळलेला गाळ आणि शिंपले. वर विटा-चुन्याचं शिखर. दगडाला पाणी फारसं काही करत नाही, खरा मार विटांना बसतो. वर्षाचे बरेच महिने भिजायचं, मग उन्हाळ्यात भाजायचं, परत भिजायचं. चुना सुटतो, वीट उघडी पडते. चाळीसहून अधिक वर्षं हे सोसून ते शिखर उभं आहे. ज्या गवंड्यांनी ते रचलं त्यांना अशा दिवसांची कल्पनाही नसणार, तरी त्यांनी कुठे कुचराई केलेली नाही.

आवारात वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, पडलेले होते. मी एकाशी बसून खालून वर वाचून दाखवला: तळाला लढाई आणि पडलेला वीर, मधे त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, लहानपणी आम्ही याच्यावर बसून चिंचा खायचो, हा आमच्यातलाच कुणीतरी मेलेला माणूस आहे एवढं म्हातारे सांगायचे. माझ्या सगळ्या माहितीत ‘आमच्यातलाच’ हे नव्हतं.

मग तुम्ही मला गाव दाखवलंत. नुसती जोती उरलेली, पण तुम्ही गल्लीतून चालावं तसं वळणं घेत चाललात. ही चावडी. इथे बाजार भरायचा. हा आड, ह्याच्यात पोहायला शिकलो. इथे शाळा. आणि हे आमचं घर. चार दगडांच्या रांगा आणि एक फुटका जात्याचा तळ. तुमच्या बहिणीला लग्नानंतर हे पाहायला मिळालं नाही म्हणून फोटो काढायला सांगितलंत. कुठे उभं राहून काढायचा तेही सांगितलंत, म्हणजे मागे शिखर येईल. माहेरच्या अंगणातून ते तसंच दिसायचं.

ऊन चढायच्या आत तुम्ही परत निघायला लावलंत. मला अजून थांबायचं होतं. तेव्हाही तुम्ही पाण्याकडे बघूनच नाही म्हणालात.

काठावर ठरलेले पैसे घेतलेत, सुटे नीट मोजून परत दिलेत. जेवणाचं नाव काढलं तेव्हा मात्र मावशी खरंच रागावल्या. या दोन्ही गोष्टींचा मला फार आदर वाटतो. धंद्याच्या ठिकाणी धंदा आणि घराच्या ठिकाणी घर.

21 मे च्या संध्याकाळी मी घरी परतलेली होते. कुगावहून कळाशीला येणारी होडी वादळी वाऱ्यात उजनीत उलटल्याची बातमी आली. सहा जण गेले. मी तुम्हाला फोन लावला, लागेना. दुसऱ्या दिवशी लागला तेव्हा तुम्ही शोधायला गेलेल्या लोकांना चहा-पाणी पोचवून नुकते आला होतात. फारसं बोलला नाहीत. तुमची होडी बांधलेली होती एवढंच म्हणालात. ज्यांची माणसं गेली त्यांचं दुःख माझ्या शब्दांत बसणारं नाही. पण त्या रात्री मला ती दुपार आठवली. मला शांत दिसणारं पाणी तुम्ही दोनदा नाकारलंत, तेही हातात येणारा पैसा सोडून, आणि अनोळखी मुलीवर ना आवाज चढवला ना उपकाराचा शब्द काढला. मी आज हे लिहितेय त्यात तुमच्या त्या ‘न्हाय’चा वाटा आहे असं मी मनापासून मानते.

पळसनाथ बघायला जाणाऱ्यांना एक विनंती. होडीवाला नाही म्हणाला तर दुसरा शोधू नका, थांबा. शिखरावर चढू नका, खांबांवर नावं कोरू नका. आणि सोबत येणाऱ्या माणसाला विचारा, त्यांचं घर कुठे होतं. ज्यांना हा आड, ही चावडी बोटानं दाखवता येते त्यांची पिढी आता साठीकडे चाललीय. कुणी विद्यार्थी, कुणी इतिहासाचे शिक्षक पुढे येऊन पाणी उतरेल त्या उन्हाळ्यात त्यांच्याबरोबर बसून जुन्या गावाचा नकाशा काढतील तर फार मोठं काम होईल. मी त्यात राबायला तयार आहे, मामा, तुम्ही फक्त पाण्याचा अंदाज कळवा.

बहिणीसाठीचे फोटो मोठ्या आकारात छापून पोस्टानं पाठवलेत, एक प्रत तुम्हाला. मागे तुम्ही सांगितलेल्या खुणा लिहिल्यात. काही चुकलं असेल तर पेन्सिलनं दुरुस्त करून ठेवा. मावशींना सांगा, कालवण मी करून पाहिलं, पण चिलापी उजनीची नव्हती.

तुमची,
सॅकवाली भाची