नेदरलँड्सहून आलेल्या ताईंना, केळापूर तालुक्यातून

प्रिय ताई,

स.न.वि.वि.

तुम्ही आमच्या गावात राहून मराठी वाचायला शिकलात, म्हणून हे पत्र मराठीतच. आणि मुद्दाम सगळ्यांसमोर. विदेशातून कोणी बाई गावात राहायला येणार म्हटलं की लोकांना वाटतं आता काहीतरी वाटप होणार. तुम्ही आलात त्या दिवशीही अर्धं गाव आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन समाज मंदिरासमोर उभं होतं. तुम्ही काहीच वाटलं नाही. पहिले आभार त्याचेच.

मी बचत गटाची सीआरपी, म्हणजे गटांच्या कामात मदत करणारी गावातलीच बाई, म्हणून घरोघरी तुमची ओळख करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. 'ग्रामीण समाजशास्त्रज्ञ' म्हणजे काय सांगायचं? कृषी अधिकारी नाही, बियाण्याच्या कंपनीच्या नाहीत, डॉक्टर नाहीत. शेवटी मी सांगायला लागले, "पिकाचं नाही, शेतकऱ्याच्या घरादाराचं शिकलेल्या बाई आहेत." त्यावर एका आजीने विचारलं, "त्याचंबी कॉलेज असते काय वं?" तुम्ही ज्यांच्याकडे उतरलात त्या काकांचा पहिला दिवस तर सी फॉर्म भरण्यातच गेला. विदेशी पाहुणा घरी आला की २४ तासांच्या आत तो ऑनलाइन भरावा लागायचा, आणि गावात रेंज मिळते ती फक्त पाण्याच्या टाकीखाली.

मला सगळ्यात जास्त आठवतो तो नकाशाचा दिवस. पारासमोरच्या सारवलेल्या जागेवर तुम्ही बायांच्या हातात रांगोळी दिली आणि म्हणालात, गाव काढा. माणसं लांब बसून हसत होती. बायांनी आधी मारुतीचं देऊळ काढलं, मग शाळा, मग आपापली घरं. नाल्याला नीळ टाकली, वावरांच्या धुऱ्यावर कडुनिंबाच्या काड्या रोवल्या, कपाशीच्या जागी सरकी आणि तुरीच्या जागी तुरीचे दाणे ठेवले. झालं, म्हणाल्या. तुम्ही हापशीवर बोट ठेवून विचारलंत, "इथे सकाळी पाण्याला येतात त्या बाया कुठल्या?"

"त्या तं पोडावरच्या."

"मग पोड कुठे आहे?"

कोणी बोललं नाही. नाल्यापलीकडचं कोलामांचं पोड, म्हणजे त्या आदिवासींची वस्ती, कोणाच्याच हातून निघालं नव्हतं. त्या बाया वर्षानुवर्षं आमच्यासोबत निंदायला येतात, वेचाईला येतात, एकाच काट्यावर त्यांचा कापूस मोजला जातो. तुम्ही रागावला नाहीत, भाषणही दिलं नाही. रांगोळीची वाटी पुढे केलीत आणि थांबलात. दुसऱ्या दिवशी शिवारफेरी पोडावरून सुरू झाली.

सातबाऱ्याचंही असंच. तुम्ही विचारायच्या, वावर किती? पाच एकर. कागदावर नाव कोणाचं? बहुतेकींना माहीतच नव्हतं. मग टाकीखाली उभं राहून आपण माझ्या फोनवर महाभूलेख या सरकारी साइटवर एकेक सातबारा उघडला. कुठे मेलेल्या सासऱ्याचं नाव, कुठे फक्त दिराचं. पेरणीपासून वेचाईपर्यंत खपते ती बाई, पण कागदावर ती नाही. म्हणून पीककर्ज नाही, आणि कपाशी विकायला गेलं तरी कागद दुसऱ्याच्या नावाचा.

नवऱ्याने आत्महत्या केली त्या घरांचं तर आणखी अवघड. २००५ पासून सरकारची एक लाखाची मदत आहे, ३० हजार हाती आणि ७० हजार ठेवीत. पण कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवान्याच्या सावकाराचं असावं लागतं. कृषी केंद्रवाल्याची उधारी, पाहुण्याकडून व्याजाने आणलेले पैसे, हे धरत नाहीत. प्रकरण 'अपात्र'. ही चौकट तुम्ही त्या बायांच्या तोंडून ऐकून घेतलीत, मध्ये एकदाही न बोलता. मला वाटायचं, काहीतरी धीराचं बोला ना! आता वाटतं, बरं झालं नाही बोललात. धीर द्यायला आधीच खूप लोक येऊन गेले होते, सोबत कॅमेरे घेऊन.

तुम्ही कुठून तरी वाचून आला होतात की शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने बायकांच्या नावे जमीन करायची लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली होती. "इथे कोणाला आठवतं का?" म्हणून विचारलंत. आम्हा तरण्यांना काहीच माहीत नव्हतं. पण तुमच्या शेजारचे बाबा उठले, घरी गेले आणि पेटीतून संघटनेचा लाल बिल्ला घेऊन आले. त्यांची बायको १९८६ साली चांदवडच्या महिला अधिवेशनाला गेली होती! माझ्या गावातली बाई, आणि मला हे तुमच्यामुळे कळलं. नवरा हयात असताना त्याच्या अर्जावर बायकोचं नाव सातबाऱ्याला लावता येतं, त्याचं १९९२ चं परिपत्रकही बाबांनीच सांगितलं. त्यानंतरच्या ग्रामसभेत बायांनी तो विषय स्वतः मांडला. तुम्ही मागे, पोरांच्या रांगेत बसला होतात.

तुमच्या देशातले शेतकरी २०१९ ला ट्रॅक्टर घेऊन हेगला आंदोलनाला गेले होते, हे सांगितलंत तेव्हा सगळ्यांना फार नवल वाटलं. तिथेही पोरांना शेती नको म्हणतात हे ऐकून तर एका काकूने तुमच्या पाठीवरून हात फिरवला.

एक गोष्ट अजून पूर्ण पटलेली नाही, तीही लिहिते. आमच्या गावावर लिहिलेल्या अहवालात तुम्ही सावकाराचं नाव घातलं नाही. मी भांडले होते. तुम्ही म्हणालात, "मी जाणार आहे, तुम्हाला इथेच राहायचं आहे." अर्धं पटतं, अर्धं नाही.

अहवालाची मराठी प्रत मी गटांच्या बैठकीला नेते. वारस नोंदीसाठी कोणते कागद लागतात, हे आता बाया एकमेकींनाच सांगतात. काही जणींचे फेरफार मंजूर झाले. ज्यांच्याबद्दल तुम्ही फोनवर विचारलं त्या वहिनींचं मात्र अडलं आहे. नोटिशीच्या १५ दिवसांत दिराने हरकत घेतली, प्रकरण तहसीलला गेलं. तारखेला मी त्यांच्यासोबत जाणार आहे, पोडावरच्या दोघीही येतो म्हणाल्या. काय होतं ते कळवते.

आपली,
बचत गटाची सीआरपी