मंदे, पिशवीभर भुतं पाठवते आहे

सांगली,
8 जुलै 2025

प्रिय मंदा,
सप्रेम नमस्कार.

ऑपरेशन नीट पार पडलं हे कळलं आणि जीव भांड्यात पडला. फिजिओथेरपीवाली पोरगी रोज येऊन छळते म्हणतेस, छळू दे तिला. गुडघा वाकायलाच हवा. तुझा निरोप दोनदा ऐकला. "सासू-सुनांचं नको, आजारपणाचं नको, उपदेशाचं तर मुळीच नको. भुतं पाठव, आणि नवी पाठव." आमचे हे शनिवारी कामानिमित्त साताऱ्याला येतायत, त्यांच्याकडे पिशवी देते. दोन पुस्तकं माझ्या कार्डावरची आहेत, दोन यांच्या कार्डावरची. यांना आयुष्यात पेपरापलीकडे काही वाचायचं नसतं, त्यामुळे त्यांचं कार्ड माझंच समज.

आधी तुझ्या त्या 'नवी'बद्दल भांडून घेते. नवं म्हणून सगळं भितीदायक असतं असं नाही गं. मला तर भीती वाटते ती घर ओळखीचं असलं की. माजघर कुठे, परसात विहीर कुठे, दिवा गेला की कुठल्या कोनाड्यात काडेपेटी, हे सगळं ठाऊक असताना तिथे कुणीतरी उभं आहे असं लेखक सांगतो, तेव्हा खरी टरकते. ते भूत मूळ कुठून आलं याच्याशी मला कर्तव्य नाही.

म्हणून पिशवीत सगळ्यात वर नारायण धारपांची 'लुचाई' ठेवली आहे. आता तुझी मनू लगेच म्हणेल, मावशी, ही तर स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वरून घेतलीय. घेतलीय! 'शपथ'सुद्धा त्याच्याच 'इट'वरून. पण धारप नुसतं भाषांतर करत नसत. ते विलायती कलम आणून आपल्या मातीत असं लावत की फळ खाताना झाड कुठलं हे विचारावंसं वाटत नाही. शंभरावर पुस्तकं लिहिली या माणसाने, आणि आपल्या कॉलेजच्या दिवसांत त्यांना 'साहित्य' म्हणायला कुणी तयार नव्हतं. विलिंग्डनच्या पायऱ्यांवर बसून आपण ती वहीत लपवून वाचायचो ते आठवतं ना? मनूला इंग्रजी आधी वाचू दे आणि मग हे. दोन्ही वाचून काय काय बदललं ते तिने मला लिहून कळवावं. तेवढाच मराठीचा सराव.

ही प्रत जपून हाताळ. 2019 च्या पुरात आमच्या वाचनालयाच्या खालच्या कपाटांत पाणी शिरलं होतं, त्यातून वाचलेल्यांपैकी ही आहे. पानं वाळून लाटांसारखी झालीत, कडेला तपकिरी रेघ दिसेल, तिथवर पाणी चढलं होतं. वासही येतो, गाळाचा. आणि मधे एका पानावर कुणा शहाण्याने पेन्सिलीने पुढे काय होणार ते लिहून ठेवलंय. मी त्यावर कागद चिकटवलाय, तो काढू नकोस. काढशीलच म्हणा.

दुसरं मतकरींचं 'गहिरे पाणी'. रत्नाकर मतकरी वर्षानुवर्षं बँकेत नोकरी करत होते. मला वाटतं म्हणूनच त्यांच्या गोष्टींत भूत शिरतं ते नीटनेटक्या, हप्ते भरणाऱ्या, शेजाऱ्यांशी हसून बोलणाऱ्या माणसांच्या घरात. धारप अंगावर येतात, मतकरी मागून येतात. रात्री वाचू नकोस, तुला एकटीला बाथरूमपर्यंत जाता येत नाही सध्या. याच माणसाने 'अलबत्या गलबत्या'मधली चिंची चेटकीण लिहिली. ती पहिल्यांदा दिलीप प्रभावळकरांनी केली आणि पुढे 'झपाटलेला'तला तात्या विंचूही तेच झाले. म्हणजे आपल्या पिढीला चेटकिणीने भिववलं तेही त्यांनी आणि आपल्या पोरांना बाहुल्याने भिववलं तेही त्यांनीच.

आता सिनेमे. पूर्वी व्हिडिओ लायब्ररीतून कॅसेट आणायचो, दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत परत केली नाही की दंड. आता ते सुख गेलं. कुठल्या ॲपवर काय आहे ते मनू शोधेल.

'तुंबाड' पाहिला नसशील तर तोच पहिला. 2018 मध्ये आला तेव्हा थिएटरात फारसा चालला नाही, आणि मागच्या सप्टेंबरात पुन्हा लावला तर पहिल्यापेक्षा जास्त कमाई केली. आहे हिंदी, पण हाडामांसाने मराठी. राही अनिल बर्वे, म्हणजे 'थँक यू मिस्टर ग्लाड'वाल्या अनिल बर्व्यांचा मुलगा. त्याला नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने धारपांची गोष्ट सांगितली होती, तिथून हे सगळं सुरू झालं. त्यातला पाऊस खरा आहे, कित्येक पावसाळे थांबून चित्रित केलेला. बघताना घोंगडं घेऊन बस. तो वाडा, ती साखळदंडातली म्हातारी, आणि कणकेची बाहुली घेऊन विहिरीत उतरणारा बाप. विहिरीतला तो राक्षस, हस्तर, पाहून मी फारशी दचकले नाही. पण बाप पोराला उतरायचं कसं ते धंदा शिकवावा तसं शिकवतो, तिथे पोटात गोळा आला.

'लपाछपी' मात्र मी तुला बघ म्हणू की नको, ठरत नाही. विशाल फुरिया दिग्दर्शक, पूजा सावंत. एक गरोदर बाई नवऱ्याबरोबर उसाच्या फडातल्या एका घरात येऊन राहते, एवढंच सांगते. मुंबई-पुण्याच्या माणसाला तो ऊस म्हणजे नुसता देखावा वाटेल. आपण उसात वाढलो. पुरुषभर उंच फडात शिरलं की दोन हातांपलीकडचं दिसत नाही, पाचट पायाखाली वाजतं तेव्हा आपलं की दुसऱ्या कुणाचं पाऊल ते कळत नाही, आणि पळायला जावं तर पात हाताला, गालाला कापत जाते. सिनेमा पाहताना माझे दंड खरोखर चुरचुरले. पण खरी गोष्ट पुढेच आहे. हा सिनेमा आला जुलै 2017 ला. त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्या म्हैसाळला पोलिसांना ओढ्याकाठी पुरलेले 19 भ्रूण सापडले होते, आठवतं? मिरजेपासून असं कितीसं लांब आहे म्हैसाळ! सिनेमातल्या विहिरीजवळची पोरं कोण आहेत हे उलगडलं तेव्हा आमच्या घरात कुणी कुणाकडे पाहिलं नाही. हिंदीत त्याचाच 'छोरी' केला 2021 मध्ये, त्याच दिग्दर्शकाने. तो नीट आहे, पण आधी मराठी बघ.

'मुंज्या' मनूबरोबर बघ, मागच्या वर्षीचा. कोकणातला, पिंपळावरचा, मुंज होऊन लग्न व्हायच्या आत गेलेला पोरगा. आजीच्या तोंडून ऐकलेला मुंजा जास्त चांगला होता, कारण तो कॉम्प्युटरने काढलेला नव्हता. 'झोंबिवली' त्याच आदित्य सरपोतदारचा, डोंबिवलीत झोंबी. हसशील, टाके तुटणार नाहीत इतपत.

मल्याळम 'भ्रमयुगम' चुकवू नकोस. अख्खा काळा-पांढरा. पावसात भटकणारा एक गवई एका पडक्या वाड्यात आसरा घेतो, आणि मालक त्याला फासे खेळायला बसवतो. पणाला लावायचं ते आयुष्यातलं उरलेलं सगळं. मामुटी नुसता बसून हसतो आणि अंगावर काटा येतो. भाषा कळत नसली तरी वाडा कळतो, बघ.

विज्ञानकथा तुला फारशा आवडत नाहीत, तरी नारळीकरांचं 'यक्षांची देणगी' टाकलंय. मे महिन्यात ते गेले तेव्हा वाचनालयाने त्यांची सगळी पुस्तकं दारातल्या टेबलावर मांडली होती, आणि आठवड्यात टेबल रिकामं. हे कसंबसं मिळवलं. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी नाव बदलून गोष्ट पाठवली होती, 'नारायण विनायक जगताप' म्हणून. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून! पहिलं बक्षीस मिळालं. त्यांची पात्रं कधीकधी फळ्यासमोर उभी राहून बोलतात हे मान्य. पण 'गंगाधरपंतांचे पानिपत' मिळव आणि वाच. पानिपतात विश्वासरावांना लागायची ती गोळी कानाजवळून निघून गेली तर? प्राध्यापक अशा जगात जाऊन पडतात जिथे मराठे जिंकलेत. वाचनालयात बसून इतिहास तपासतात आणि बखर चुकून खिशात घालून बाहेर पडतात. आपल्या जगात परत येतात तेव्हा हाती उरतं तिचं एक फाटलेलं पान. वाचनालयाचं पुस्तक परत न करणाऱ्यांना मी हीच गोष्ट सांगते.

चौथं मनूचं, इंग्रजी, 'ऑर्बिटल', गेल्या वर्षीचं बुकर. लहानसं आहे. अंतराळस्थानकात सहा माणसं, एक दिवस, पृथ्वीभोवती सोळा फेऱ्या. म्हणजे सोळा सूर्योदय. गोष्ट अशी काही घडतच नाही, मला मधे कंटाळाही आला. पण सध्या आपला शुभांशु शुक्ला वर आहे ना, तर मनूला आत्ताच वाचायला दे. खाली आल्यावर मजा जाईल.

बाकी आम्हा सांगलीकरांना भुताराक्षसांचं कौतुक असायचंच. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली इथेच 'सीतास्वयंवर' उभं केलं, आणि त्या काळच्या नाटकांत राळेचा भपका उडवून 'अलल्लडुर्र' करत राक्षस यायचे. बायकापोरं किंचाळायची म्हणे. तिकीट काढून घाबरायची आपली जुनीच हौस.

पाय बरा झाला की भिलारला जाऊ. तुला जवळ, मला निमित्त. घराघरांतून पुस्तकं मांडलीत, तिथेच बसून वाचायची. भुताचं घर कुठलं ते तू आधी विचारून ठेव.

पुस्तकांची मुदत 26 तारखेला संपते. पान दुमडू नकोस, चहाचा कप वर ठेवू नकोस. आईंना नमस्कार, मनूला आशीर्वाद. पिशवीत तळाशी भडंग आहे, ते परत करायचं नाही.

तुझी,
विमल

ता. क. 'लुचाई'वरचा कागद काढलास तर मला कळेल. गोंद मी मुद्दाम तिरका लावलाय.