पूरग्रस्तांना मदत करणाऱ्या 'नेखामा' संस्थेच्या मंडळींना, ह्यूस्टनमधल्या मेयरलँडहून

प्रिय मंडळी,

इंग्रजीतलं आभाराचं कार्ड तुम्हाला तेव्हाच दिलं होतं, पण त्यात 'थँक यू'च्या पलीकडे काही मावलं नाही. म्हणून हे मराठीत आणि उघड लिहितेय. तुम्ही कोण, काय करता, हे इथल्या आणि तिकडच्या आमच्या माणसांनाही कळू दे.

२०१७ साली गणेश चतुर्थी आणि हार्वे वादळ एकाच दिवशी आले, २५ ऑगस्टला. आमचा दीड दिवसाचा गणपती. शनिवारी घरातच बादलीत विसर्जन केलं आणि त्याच रात्री ब्रेज बायू या इथल्या ओढ्याचं पाणी घरात शिरलं. मेयरलँडला पूर नवीन नाही. २०१५ चा मे झाला, २०१६ चा एप्रिल झाला, मग हा. त्यात २९ तारखेला मुंबईही तुंबली. दोन्हीकडून फोनवर एकच प्रश्न, "तुमच्याकडे किती पाणी?"

पूर ओसरल्यावर घराला नेमकं काय लागतं ते बाहेरून कळत नाही. लोकांनी कपडे दिले, पाण्याच्या बाटल्यांचे खोके दिले, त्यांचे उपकारच आहेत. पण भिजलेली ड्रायवॉल, म्हणजे इथल्या घरांची जिप्समच्या फळ्यांची भिंत, आतून सडत असते. ह्यूस्टनच्या दमट उकाड्यात दोन-चार दिवसांत बुरशी धरते आणि ती फोडून काढायला माणसांचे हात लागतात. एका कंत्राटदाराने त्यासाठी सांगितलेला आकडा ऐकून ह्यांनी गुपचूप फोन ठेवला.

अशा वेळी तुम्ही आलात. मिनेसोटातली ज्यू संस्था, १९९३ च्या मिडवेस्टमधल्या पुरानंतर उभी राहिलेली. घर कोणाचं, धर्म कुठला हे न बघता एक पैसा न घेता राबणारी.

तुमच्या टीम लीडरने आधी भिंतीवर चार फुटांवर रेघ मारली. रेघेखालचं सगळं काढायचं. ओलं इन्सुलेशन निघालं, कार्पेट निघालं, ढकलगाड्या भरभरून रस्त्याच्या कडेला ढीग लागले. ड्रायवॉलचा ढीग वेगळा, फ्रीज-ओव्हनचा वेगळा, रंगाचे डबे आणि कीटकनाशकं बाजूला. हे विष कचऱ्यातून जमिनीत जाऊ नये म्हणून घामाघूम झालेली माणसं एकेक डबा निवडत होती. स्वतःच्या घरात मी एरवी एवढा विचार करत नाही.

कॉलेजातली एक मुलगी भिंतीआडच्या लाकडी खांबांमधले (स्टडमधले) खिळे एकेक करून उपटत बसली होती. म्हटलं, राहू दे गं, भिंतीआडच जाणार आहेत. तर म्हणाली, एक जरी राहिला तरी नवी ड्रायवॉल सपाट बसायची नाही.

आणि तुम्ही विचारत होतात. प्रत्येक वस्तू फेकण्याआधी विचारत होतात. चिखलाने माखलेल्या डब्यात मसाला आहे की आठवणी, हे तुम्ही ठरवलं नाहीत. प्लायवूडचा देव्हारा फुगून उकलला होता. तिथे एकाने हातमोजे काढले, हात धुतले आणि सासूबाईंना विचारलं, यांना हात लावला तर चालेल का? त्यानंतर सासूबाईंनी तुमच्यापैकी कोणाला परकं मानलं नाही.

जेवणाचं मात्र फसलं. शेजारणीच्या स्वयंपाकघरात पोळी-भाजी करून आणली, तर दोघं-तिघं कोशर, म्हणजे ज्यू धर्मातले खाण्याचे नियम, पाळणारे निघाले. अख्खी केळी चालतील म्हणाले. मी ओशाळले, पण सासूबाईंना सगळं लगेच समजलं. आयुष्यभर सोवळं पाळलेल्या बाईला काय नवल! केळ्यांचा घडच पुढे केला. सासरे अलिबागचे, ते इस्रायल आळीच्या गोष्टी सांगू लागले. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवतात म्हणून 'शनवार तेली' म्हणवले जाणारे बेने इस्रायल, म्हणजे आपले मराठी ज्यू, त्यांची किहीमकर-पेणकर अशी आडनावं, पोहे-नारळाचा मलिदा. मिनेसोटाच्या पोरांनी हे कधी ऐकलं नव्हतं. पहारी खाली ठेवून ऐकत बसली. त्या सगळ्या पसाऱ्यात सासरे पहिल्यांदाच खुलले.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. मेयरलँड हीच तर ह्यूस्टनच्या ज्यू समाजाची वस्ती. तुमच्या माणसांची घरं, सिनेगॉग (प्रार्थनास्थळं), ज्यू कम्युनिटी सेंटर, सगळीकडे पाणी शिरलं होतं. आधी आमची माणसं, मग बाकीचे, असं तुम्ही म्हणाला असतात तरी कोणी नावं ठेवली नसती. यादीत आमचा नंबर आला आणि तुम्ही आलात, एवढंच.

२०१९ ला इमेल्डा वादळाचा पाऊस झाला तेव्हा ओळखीची काही मराठी घरं मिळून आम्हीही मास्क, हातमोजे आणि पहारी घेऊन ह्यूस्टनच्याच किंगवूड भागाकडे गेलो. खिळे उपटायचं काम मीच मागून घेतलं.

तुमच्या ऋणात,
मेयरलँडमधलं एक मराठी घर