सुमे, कुत्रा कुणाचा गं?

प्रिय सुमे,

तुझी पत्रं कपाटाच्या वरच्या खणात आहेत. वाचलेली आहेत, फक्त उत्तर गेलेलं नाही. कामावरून आले की अंगाला ब्लीचचा वास आणि कानात भुंकणं असतं, पेन हातात घेतलं की डोळे मिटतात. हे कारण खरं असलं तरी पुरेसं नाही, हे तुला कळतं आणि मलाही. मनातल्या मनात शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक. मध्यंतरी एक बोका मनगटाला चावला, हात सुजला, गोळ्या घेतल्या, उतरला. आईचे गुडघे तसेच.

आता मुद्द्यावर येते. आपल्या त्या कुत्र्याचा, वाघ्याचा, विषय पुन्हा काढायचा नाही, असं तुझ्या लग्नात आपलं ठरलं होतं. ते मी मोडते आहे. शेल्टरवर असं काही झालंय, की बंड्याला सांगितलं तर तो हसेल, आईला सांगितलं तर ती रडेल आणि ऑफिसात बोलले तर नियमाचा कागद पुढे येईल. तू चिडशील, आणि मला सध्या कुणीतरी चिडायलाच हवंय.

मागे आमच्याकडे एक तांबडा कुत्रा आणून सोडला. रजिस्टरमध्ये ‘भटका’ अशी नोंद झाली, पण मानेभोवतीचे केस पट्ट्याने झिजलेले होते, म्हणजे घरचा. स्कॅनर मी नेहमीप्रमाणे आधी खांद्यांच्या मधून फिरवला आणि मग सगळ्या अंगावरून. चिप, म्हणजे ओळखनंबर असलेला बारीक तुकडा, कातडीखाली टोचलेली असते आणि घसरते, सुमे, मध्ये सापडली नाही म्हणजे नाहीच असं नसतं. याची कोपराजवळ निघाली. पंधरा आकडे आले, मालकाचं नाव निघालं, फोन लावला तर नंबर बंद. पत्त्यावर पत्र पाठवलं, ते परत आलं. लोकांना वाटतं चिप म्हणजे कुत्रा कुठे फिरतोय ते दाखवणारं यंत्र. तिच्यात बॅटरीसुद्धा नसते गं, स्कॅनर जवळ नेला की नुसता नंबर बोलते, आणि त्या नंबरापुढे कुणीतरी वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला फोन तेवढा असतो. अमेरिकेतल्या ५३ शेल्टरांची एक पाहणी २००९ साली छापून आली होती. चिप असलेल्या दर चार जनावरांमागे जवळजवळ तिघांचे मालक सापडले होते. ज्यांचे नाही सापडले, त्यांच्यात सगळ्यात मोठी अडचण हीच: फोन चुकीचा किंवा बंद.

पहिले काही दिवस तो पिंजऱ्याच्या मागच्या भिंतीला चिकटून होता. नव्या कुत्र्याच्या अंगातला ताण पहिल्या तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतो, हे रक्त तपासून पाहिलेलं आहे. आम्हाला ते रक्त न काढताही दिसतं. झोप आलेली नसताना जांभया, समोर खाणं नसताना ओठ चाटणं, डोळ्याच्या कडेला दिसणारा पांढरा भाग. सगळे भुंकायला लागले की आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो. त्यात माणूस समोर उभा राहून ‘ये ये’ करत बसला तर बिचाऱ्याने करायचं काय? मी कडेला, त्याच्याकडे पाठ करून जमिनीवर बसायचे. (तू म्हणशील, पाठ फिरवून बसणं तुला लहानपणापासून जमतं. समजलं.)

हळूहळू शेपटी हलली, पण तो खाईना. वाडगा वास घेऊन सोडून द्यायचा. डॉक्टरांनी दात पाहिले, ताप पाहिला, काही नाही. एकदा वाडग्याच्या तळाला चिकटलेलं पडावं म्हणून मी तो फरशीवर दोनदा आपटला आणि हा पठ्ठ्या उठून सरळ खायला लागला. नंतर मुद्दाम करून पाहिलं. दोनदा वाजवला की खातो, न वाजवता ठेवला की माझ्या तोंडाकडे बघतो. कुठल्या तरी घरात कुणीतरी त्याला रोज तसं वाढत होतं. मी ते त्याच्या कार्डावर लिहून ठेवलं.

मालकाने येऊन न्यावं म्हणून ठेवलेली राखीव मुदत संपली. ती संपली की मालकी शेल्टरकडे येते, कायद्याच्या भाषेत तो जुन्या मालकाचा राहिलेला नसतो. पिंजरे तेव्हा भरलेले होते, आणि भरलेले असले की मॅडमच्या टेबलावर कसली यादी तयार होते ते तुला एकदा सांगितलंय, परत लिहीत नाही. त्याआधीच एक घर आलं. आई, वडील आणि दोन मुली. मुली पिंजऱ्यासमोर पोचल्या आणि पट्टा कोण धरणार यावरून तिथेच जुंपल्या. मला हसू आवरेना, कारण मला कोण आठवलं असेल ते सांगायला नको. कार्ड समजावून सांगताना वाडग्याचंही सांगितलं. ते चांगले लोक आहेत. अधूनमधून फोटो पाठवतात. त्यातल्या एका फोटोत तो धाकटीच्या दप्तरावर डोकं ठेवून झोपलाय.

आणि मग आजी आल्या.

काठी टेकत, हातात चिपचा जुना कागद. इस्पितळात होत्या, लांबलं, मग मुलाने आपल्याकडे नेलं, जुना फोन बंद झाला. कुत्रा शेजारी ठेवला होता, तिथून तो निसटला आणि कुणी त्यांना कळवलंच नाही. ऑफिसने नंबर जुळवला. जुळला. मग त्यांना सांगितलं की मुदत संपली, तो दत्तक गेला, घेणाऱ्यांचं नाव-पत्ता देता येत नाही. यात चूक कुणाची काढायची, सांग बघू? मी बरेच दिवस शोधते आहे, मला एकही माणूस सापडत नाही ज्याच्यावर ओरडता येईल.

मी बादली घेऊन तिथून चालले होते. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तुम्ही त्याला बघत होतात का? खायचा का हो तो? त्याला वाडगा वाजवून द्यावा लागतो.” मी म्हटलं, “खायचा. वाजवूनच देत होते. आणि आता ज्यांच्याकडे आहे त्यांनाही सांगितलंय.” त्यांनी मान हलवली आणि बाकावर बसल्या. तेव्हापासून दर गुरुवारी येतात. भांडत नाहीत, कुत्रा परत मागत नाहीत. माझी पिंजरे धुण्याची वेळ संपेपर्यंत थांबतात आणि विचारतात, “मजेत आहे ना?” मी म्हणते, “मजेत आहे.”

आता कळलं का हे तुलाच का लिहितेय?

तुझ्या बाबांची बदली झाली आणि वाघ्या तुमच्याबरोबर गेला, कारण रात्री तो तुमच्या ओसरीवर झोपायचा. दिवसभर आमच्याकडे असायचा ते कुणी मोजलंच नाही. (मी अजूनही म्हणते की जागेपणी जिथे असतो ते घर. तुझं झोपेचं तत्त्व मला तेव्हाही पटलं नव्हतं.) तिकडून तुझं पहिलं पत्र आलं, त्यात होतं, ‘वाघ्या इथे पहिल्याच आठवड्यात रुळला, मजेत आहे.’ ते वाचून मी तुला किती काळ लिहिलं नाही ते आठव. तो तिकडे उपाशी राहतोय, दाराकडे बघत बसलाय, असं तू लिहिलं असतंस तर मला बरं वाटलं असतं. मी इतकी दुष्ट होते. आणि आता तेच वाक्य मी दर गुरुवारी एका म्हाताऱ्या बाईंना ऐकवते, त्या ते ऐकून ‘बरं झालं’ म्हणतात, आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघू शकत नाही.

मॅडमशी बोलले. त्यांचं म्हणणं, विषय बंद आहे, तू त्यात पडू नकोस. नियम मला मान्य आहे. त्या मुलींचा पत्ता आजींच्या हातात देणं मला कधीच पटणार नाही, उद्या कुणी वाईट माणूस असाच कागद घेऊन येईल. पण शेल्टरने त्या घराला फोन करून एवढं विचारायला काय हरकत आहे, की पूर्वीच्या मालकीणबाई आहेत, त्यांना एकदा भेटायचंय, चालेल का? मॅडम विचारणार नाहीत. मी लावून धरलं तर कदाचित विचारतीलही. आणि सुमे, लावून धरावं की नाही हेच मला कळत नाहीये.

कारण ते लोक ‘नाही’ म्हणणाऱ्यांतले नाहीत. ते लाजेने कुत्रा परत देतील. मग त्या दोन मुलींनी काय केलं होतं? त्यांनी तर त्याला त्या यादीतून बाहेर काढलं. आणि समज, नाही म्हणाले, तरी त्या घरात एक खडा टाकल्यासारखं होणार. त्यानंतर तो वाडगा वाजवताना त्या आईला दर वेळी आजी आठवणार. आत्ता त्यांना काहीच माहीत नाही. हे न माहीत असणं मी त्यांच्याकडून काढून घ्यायचं का?

बरं, भेट झालीच, तर कुत्र्याचं काय? डार्विनने आपल्याच कुत्र्याची एक हकीकत लिहून ठेवली आहे. परक्या माणसांना जवळ न येऊ देणारा होता तो. डार्विन १८३६ साली त्या मोठ्या जहाजप्रवासातून पाच वर्षं आणि दोन दिवसांनी परतला, तबेल्याजवळ गेला आणि जुन्या पद्धतीने हाक मारली. कुत्र्याने आनंदबिनंद काही दाखवला नाही. नुसता मागे चालू लागला, सांगितलेलं ऐकू लागला, अर्ध्या तासापूर्वी निरोप घेतला असावा तसा. मला त्या उड्या न मारण्याचीच भीती वाटते. उड्या मारल्या तर समजावता येईल, सगळ्या कुत्र्यांना माणसं आवडतात वगैरे. पण तो शांतपणे उठला आणि आजींच्या काठीशेजारी चालू लागला, तर तिथे उभ्या असलेल्या त्या धाकटीला मी काय सांगू?

आणि उलट झालं तर? त्याने ओळखलंच नाही तर? तेही आजींना माझ्याचमुळे बघावं लागेल.

लोक मला विचारतात, या कामात सगळ्यात अवघड काय. त्यांना घाण ऐकायची असते. घाणीचं काही नसतं गं, तिला क्रम असतो: आधी निरोगी पिल्लं, मग मोठी, आजारी सगळ्यात शेवटी, म्हणजे पार्वो, तो पिल्लांचा जीवघेणा संसर्ग, आपल्याच बुटांवरून पिल्लांपर्यंत जाणार नाही. एक भाग ब्लीच, बत्तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, आणि त्याआधी घाण खरवडून काढायची, नाहीतर ब्लीच फुकट. हे सगळं भिंतीवर चिकटवलेलं आहे. आजींसाठी भिंतीवर काही नाही.

म्हणून तुला एक विचारते आणि तू खरंच उत्तर द्यायचं, मला बरं वाटावं म्हणून नाही. वाघ्या पहिल्या आठवड्यात रुळला होता का? की मी रडत बसू नये म्हणून तू लिहिलंस? की मला जळवायला? तिन्हींपैकी काहीही असलं तरी आता मी अबोला धरणार नाही, तेवढं वय झालंय. आणि दुसरं. मी त्या सुट्टीत न सांगता तुमच्या नव्या घराच्या दारात उभी राहिले असते, तर तू दार उघडलं असतंस का? तुला काय वाटलं असतं, मला नाही, तुला? माझी बाजू मला पाठ आहे. त्या मुलींच्या बाजूला उभं राहिलेलं माणूस माझ्या ओळखीत तू एकटीच आहेस.

तुझं लिहितेच. नवं घर लागलं का? सासूबाईंची शस्त्रक्रिया नीट झाली हे बंड्याकडून कळलं, त्यांना नमस्कार सांग. नोकरीचं तू लिहिलंस त्यावर माझं मत तुला माहीतच आहे, सोड. चिन्मयला कुत्रा हवाय म्हणतेस, तर त्याच्या परीक्षेनंतर त्याला माझ्याकडे पाठव, आठवडाभर पिंजरे धुवून घेते, मग ठरवू. बोका पलंगाखालून बाहेर येत नाही याची काळजी करू नकोस. एक खोकं आडवं करून त्याला लपायला दे. हॉलंडमधल्या एका शेल्टरमध्ये हे करून पाहिलंय, लपायला खोकं मिळालेली मांजरं लवकर निवळली. ओढून मात्र काढू नकोस.

गुरुवारच्या आत उत्तर पोचलं तर फार बरं होईल. नाहीतर फोन कर, पण रात्री आठनंतर, त्याआधी माझे हात ओले असतात.

तुझी,
शकू

ता. क. घर बदललंस, फोनही बदललास. बोक्याच्या चिपच्या नोंदीवर अजून जुनाच नंबर असणार. आधी तो बदल, मग मला लिहायला बस.