तळमजल्यावरील दातांच्या दवाखान्याचे सांडपाणी: सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापक समिती,
आपली सहकारी गृहरचना संस्था, पुणे

विषय: दवाखान्याच्या सांडपाण्यातील घन कचरा आपल्या लाइनला मिळण्याआधीच वेगळा काढण्याबाबत, तसेच चेंबरमध्ये ब्लीच सोडण्याचा निर्णय थांबवण्याबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

बी विंगच्या मागची ड्रेनेज लाइन पुन्हा तुंबू नये म्हणून दर रविवारी चेंबरमध्ये ब्लीच आणि अ‍ॅसिड सोडायचे, अशी सूचना फलकावर वाचली. लाइन मोकळी राहावी ही आपली तळमळ मला समजते. पण हा उपाय अमलात आणू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सगळ्यात आधी, ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. चेंबरवर वाकून काम करणाऱ्या माणसाच्या तो थेट नाकात जाईल. दुसरे कारण जरा सविस्तर सांगावे लागेल.

प्लंबरने पहारीने फोडून बाहेर काढलेले पांढरे तुकडे मी हातमोजे घालून पाहिले. एका तुकड्यात गुलाबी अल्जिनेटचा रबरासारखा पापुद्रा अडकला होता. दंत महाविद्यालयाच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून माझी नोकरी झाली, त्यामुळे ते काय आहे हे लगेच ओळखता आले. दाताचे माप घेतात ते अल्जिनेटने आणि त्यात साचा ओततात तो प्लॅस्टरचा. भांडी आणि पाते बेसिनमध्ये धुतले की उरलेले प्लॅस्टर पाइपात जाऊन बसते आणि पाण्यातच घट्ट होते. पुढे तळाच्या गाळात, हवा नसलेल्या जागी, जिवाणू प्लॅस्टरमधल्या सल्फेटपासून (प्लॅस्टर म्हणजे मुळात कॅल्शियम सल्फेटच) हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. कुजक्या अंड्यासारखा जो वास येतो, तो याच वायूचा असतो.

प्लॅस्टरचा बंदोबस्त सोपा आहे. बेसिनखाली प्लॅस्टर ट्रॅप बसवायचा. त्यात पाणी क्षणभर थांबते, जड भाग खालच्या भांड्यात बसतो आणि वरचे पाणी पुढे जाते. भांडे वेळेवर रिकामे केले की झाले. दवाखान्यात तो नाही, हे चेंबरच सांगते.

माझी खरी काळजी आहे ती डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांची. दातात जी ‘चांदी’ (अमाल्गम) भरतात तिच्यात वजनाने जवळजवळ निम्मा पारा असतो. बाकी चांदी, कथील आणि तांबे. दवाखान्यातील डॉक्टर म्हणतात की आम्ही आता चांदी भरत नाही, पांढरे फिलिंग करतो. ते खरेच असेल. पण आपल्याकडच्या कितीतरी ज्येष्ठांच्या दाढांत जुनी चांदी आहे. ती काढून नवे फिलिंग करायचे किंवा कॅप बसवायची म्हटले की ती ड्रिलने कोरावीच लागते. तिचा चुरा सक्शनच्या नळीतून आणि चूळ भरायच्या भांड्यातून थेट सांडपाण्यात जातो. खुर्चीजवळ एक छोटी जाळी असते, पण ती फक्त मोठे कण अडवते, आणि ती बेसिनमध्ये नळाखाली धुतली तर अडवलेलेही वाहून जाते. बारीक भुकटी आपल्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात, म्हणजे एसटीपीत पोहोचते. तिथल्या एअरेशन टँकमधले (हवा सोडायच्या टाकीतले) जिवाणू अन्नाचा, साबणाचा मैला खातात. धातू त्यांना पचत नाही. तो गाळात साठतो. आणि तोच गाळ वाळवून माळी आपल्या बागेत, मुलांच्या खेळाच्या जागेशेजारच्या वाफ्यांत टाकतात.

आता ब्लीचचे. चांदीचा कण जोवर घन आहे तोवर तो जड असतो, तळाशी बसतो, पकडता येतो. ब्लीचमधला क्लोरीन त्या कणातला पारा सोडवून पाण्यात विरघळवतो. एकदा विरघळला की साधी जाळी किंवा गाळाची टाकी त्याला अडवू शकत नाही. म्हणूनच अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 2017 च्या नियमात दवाखान्यांना सक्शनच्या नळ्या ब्लीचसारख्या किंवा आम्लयुक्त क्लीनरने धुण्यास मनाई केली आणि पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) 6 ते 8 मधलेच क्लीनर वापरायला सांगितले. शिवाय तेच ब्लीच एसटीपीतले उपयोगी जिवाणू मारते, ही गोष्ट आपल्या एसटीपी ऑपरेटरलाही विचारून पाहा.

यावर उपाय म्हणजे अमाल्गम सेपरेटर, चांदीचे कण पाण्यातून वेगळे काढणारे यंत्र. सक्शन आणि चुळीचे पाणी त्यातून जाते. काही यंत्रांत ते संथ होऊन कण तळाशी बसतात, काहींत गरगर फिरवून कण बाजूला काढतात. आयएसओ 11143 या आंतरराष्ट्रीय मानकात बसणाऱ्या यंत्राला किमान 95 टक्के कण पकडावे लागतात. युरोपीय संघात 1 जानेवारी 2019 पासून चांदी वापरणाऱ्या किंवा काढणाऱ्या दवाखान्यांना ते सक्तीचे आहे. भारतानेही पाऱ्याच्या मिनामाता करारावर 2018 मध्ये शिक्कामोर्तब केले. जपानच्या मिनामाता गावी कारखान्याच्या पाऱ्याने माशांमार्फत लोकांना विषबाधा झाली, त्यावरून हे नाव. आपल्या एका दवाखान्यामुळे मिनामातासारखा अनर्थ होईल असे मी मुळीच म्हणत नाही. पण आपले जादा पाणी नाल्यातून मुळा-मुठेत, तिथून भीमेत आणि उजनी धरणात जाते, आणि पारा माशांच्या अंगात साठत जातो. उजनीची चिलापी आपल्याच मंडईत येते.

कायद्याची बाजूही आपल्याकडे आहे. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, 2016 खाटा नसलेल्या दवाखान्यांनाही लागू आहेत आणि रासायनिक द्रव कचऱ्यावर इतर सांडपाण्यात मिसळण्यापूर्वी प्रक्रिया करणे त्यात बंधनकारक आहे. एक्स-रे फिल्म धुण्याचे द्रावणसुद्धा त्यात येते. संसर्गजन्य पाण्याचे निर्जंतुकीकरण करायलाच हवे, पण ते पाणी सेपरेटरमधून गेल्यानंतर, वेगळ्या टाकीत. क्रम उलटा झाला तर एक काम करताना दुसरे बिघडते. चांदी भरलेले काढलेले दात आणि जाळीतला चुरा पिवळ्या पिशवीत जाऊ नये, हेही महत्त्वाचे, कारण ती पिशवी भट्टीत जळते आणि पारा वाफ होऊन हवेत जातो. हे सगळे हवाबंद, लेबल लावलेल्या डब्यात वेगळे ठेवावे लागते.

काही सभासद दवाखाना बंद करण्याची नोटीस द्यावी म्हणतात. मला ते पटत नाही. रात्री-बेरात्री दाढ ठणकली की त्याच डॉक्टरांनी दार उघडले आहे, आणि आजी-आजोबांना जिना न चढता उपचार मिळतात ते त्यांच्यामुळेच.

माझी विनंती अशी. ब्लीच-अ‍ॅसिडचा निर्णय लगेच मागे घ्यावा. दवाखान्याला प्लॅस्टर ट्रॅप आणि सेपरेटर बसवण्यासाठी मुदत द्यावी आणि चुळीच्या भांड्याची लाइनही सेपरेटरमधूनच न्यायला सांगावी, नाहीतर अर्धा चुरा तसाच जाईल. सेपरेटरचे भरलेले भांडे कोण नेणार आणि त्याची पावती कोण ठेवणार, हे यंत्र घेण्याआधीच पुरवठादाराकडून लेखी घ्यावे. यंत्र बसते आणि भांडे वर्षानुवर्षे तसेच राहते, हे मी नोकरीत पाहिले आहे. दवाखान्याकडून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीची प्रत मागून फाइलला लावावी. आणि गाळाची पाऱ्यासाठी तपासणी होईपर्यंत तो बागेत टाकणे थांबवावे. तपासणीचा खर्च देखभाल निधीतून करायला माझी संमती आहे.

डॉक्टरांशी बोलायला समिती जाईल तेव्हा मीही येईन. पाइप कुठे तोडून सेपरेटर कुठे बसवता येईल, हे जागेवर दाखवता येईल. येत्या मासिक सभेत हा विषय घ्यावा, ही विनंती.

आपली नम्र,
ए विंगमधील एक सभासद