परवाना देण्याआधी रस्ता मोजा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रस्त्यावर गाडी लावण्यासाठी रहिवाशांना महापालिकेने सवलतीचा पास द्यावा, अशी मागणी पुण्यातल्या पेठांमधून अधूनमधून होत असते. मागणी रास्त आहे. जुन्या वाड्यांना आणि चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या इमारतींना वाहनतळच नाही, मग तिथल्या माणसाने गाडी लावायची कुठे? पण पास हातात आला म्हणजे जागा मिळाली असे होत नाही. गल्लीत किती गाड्या मावतात हे टेप लावून मोजल्याशिवाय महापालिकेने एकही पास छापू नये, एवढे एकच सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

सहा मीटर रुंदीची गल्ली घ्या. पेठांत अशा भरपूर आहेत. मध्यम कार आरसे धरून दोन मीटरच्या आसपास भरते. गटाराच्या कडेपासून वीतभर अंतर सोडून दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या की जवळपास सव्वाचार मीटर गेले आणि मधे पावणेदोन मीटर उरले. त्यातून रुग्णवाहिका जात नाही. अग्निशमन दलाचा बंब तर अडीच मीटर रुंद असतो. म्हणजे अशा गल्लीत गाड्या एकाच बाजूला लागू शकतात, यात चर्चेला जागाच नाही.

आता त्या एका बाजूची लांबी पाहू. गल्ली शंभर मीटर लांब आहे असे धरा. त्या बाजूला पाच इमारतींची फाटके असतील तर प्रत्येकी चार मीटरप्रमाणे वीस मीटर वजा. दोन्ही टोकांना वळणासाठी दहा-दहा मीटर मोकळे ठेवायलाच हवेत, आणखी वीस गेले. महावितरणचा फीडर पिलर (रस्त्याकडेची विजेची पेटी) आणि एखादे झाड यांचे सहा मीटर. उरले चोपन्न. कार रस्त्याला समांतर लावून पुन्हा बाहेर काढायची तर एका गाडीमागे सहा मीटर लागतात, म्हणजे नऊ कार झाल्या. त्यांतल्या दोन कारची जागा दुचाकींना दिली तर बारा दुचाकी आडव्या उभ्या राहतील आणि कार सात उरतील. दोन्ही बाजूंच्या दहा इमारतींत मिळून किती गाड्या असतील याचा अंदाज वाचकांनीच करावा. सात जागांसाठी चाळीस पास वाटले, तर रोज संध्याकाळी पासवालेच एकमेकांशी भांडतील आणि पैसे मात्र महापालिकेच्या तिजोरीत जमा झालेले असतील. पासांची संख्या जागांइतकीच हवी. मागणी जास्त असेल तर दरवर्षी जाहीर सोडत काढावी.

ही मोजणी दोनदा करावी लागते, एकदा सकाळी अकराला आणि एकदा रात्री अकराला. सकाळी दुकानांत आलेल्यांच्या दुचाकी असतात, रात्री रहिवाशांच्या गाड्या. एकाच वेळेचा आकडा घेऊन धोरण आखले तर दुसऱ्या वेळेला ते कोसळते.

पेठांतल्या बऱ्याच रस्त्यांवर पी-१, पी-२ चे फलक आहेत. विषम तारखेला पी-१ च्या बाजूला गाडी लावायची, सम तारखेला पी-२ च्या. दुकानांच्या रस्त्यावर, दिवसा, हा नियम चांगलाच आहे. एकाच बाजूच्या दुकानदारांवर भार पडत नाही, झाडलोट होते, दिवसेंदिवस न हललेली गाडी लगेच डोळ्यांवर येते. राहत्या गल्लीत मात्र तो रात्री अडतो, कारण तारीख मध्यरात्री बदलते. रात्री नऊला नियमाने लावलेली गाडी बाराच्या ठोक्याला नियमबाह्य होते. सगळ्यांनी त्याच वेळी गाड्या पलीकडे न्यायच्या म्हटल्या, तरी पलीकडची बाजू रिकामी असल्याशिवाय ते जमणार नाही. मग काही गाड्या या बाजूला, काही त्या बाजूला, आणि मधे तेच पावणेदोन मीटर. त्यातच ३१ तारखेनंतर १ येते. दोन्ही विषम, त्यामुळे नेहमीच्या सवयीने बाजू बदलणारा नेमका चुकतो. उपाय अवघड नाही. राहत्या गल्ल्यांत बाजू बदलण्याची वेळ मध्यरात्रीऐवजी सकाळी नऊची करावी आणि ती फलकावर स्पष्ट लिहावी. जिथे एका बाजूला फाटके कमी आहेत, तिथे सम-विषम काढून तीच बाजू कायमची ठरवावी.

पास कसा असावा, याबद्दलही थोडे. तो गाडीच्या क्रमांकावर आणि ठरावीक गल्लीपुरता असावा. कुटुंबाला पहिला पास एका दराने, दुसरा त्याच्या कितीतरी पट दराने, आणि तिसरा नाहीच. अर्ज घेताना आरसी, त्या पत्त्याचा पुरावा, चालू विमा आणि पीयूसी पाहावे. विमा नसलेली, चाकातली हवा गेलेली, धुळीने माखलेली गाडी पासाच्या आधाराने वर्षभर जागा अडवू शकते, म्हणून ही अट महत्त्वाची. इमारतीत जागा असलेल्याला पास देऊ नये. काचेवरच्या स्टिकरवर फार विसंबू नये, त्याची रंगीत झेरॉक्स निघायला आठवडा लागत नाही. खरी नोंद क्रमांकाची, आणि ती यादी वाहतूक पोलिसांच्या ई-चलान यंत्रात दिसली पाहिजे. पास महापालिका देणार आणि दंड पोलीस करणार, असे असताना ही यादी दोघांकडे एकच नसेल, तर पैसे भरलेल्या रहिवाशालाच चलान येईल.

इमारतीतल्या जागेचा मुद्दा मला सर्वांत कळीचा वाटतो. नकाशा मंजूर होताना वाहनतळ दाखवलेला असतो, पुढे त्याच जागेत गोदाम, क्लास किंवा कार्यालय उभे राहते आणि गाड्या रस्त्यावर येतात. राज्याच्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत कारसाठी अडीच बाय पाच मीटर आणि दुचाकीसाठी एक बाय दोन मीटर जागा धरली आहे. आपल्या इमारतीच्या मंजूर नकाशाची प्रत दहा रुपयांचे शुल्क लावून माहिती अधिकारात मागता येते आणि ती तीस दिवसांत मिळायला हवी. नकाशातल्या जागा आणि प्रत्यक्षातल्या जागा शेजारी शेजारी लिहिल्या की फरक कागदावर येतो. त्यानंतरच बांधकाम विभागाकडे तक्रार करावी, नुसत्या तोंडी तक्रारीला काही वजन राहत नाही. बिल्डरला स्टिल्टमधली, म्हणजे इमारतीखाली खांबांमधली, किंवा उघडी पार्किंगची जागा स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला आहे. या जागांचे वाटप सोसायटीने करायचे असते.

पुनर्विकासातल्या यांत्रिक पार्किंगकडेही पाहायला हवे. कागदावर एकावर एक दोन गाड्या दिसतात. प्रत्यक्षात वरची गाडी काढायला खालची बाहेर घ्यावी लागते, उंच एसयूव्ही कमी उंचीच्या खणात शिरत नाही, खड्ड्यातल्या यंत्रणेत पावसाचे पाणी साचते आणि देखभालीचा करार संपला की मोटार बंद पडते. मग दोन्ही गाड्या रस्त्यावर. असे पार्किंग मोजताना महापालिकेने ते वर्षातून एकदा चालवून पाहावे आणि बंद आढळले तर सोसायटीला नोटीस द्यावी.

मुंबई महानगर प्रदेशात पार्किंगच्या जागेचे प्रमाणपत्र असल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी करायची नाही, असा विचार परिवहन मंत्र्यांनी मे २०२५ मध्ये जाहीर केला होता. जपानमध्ये असा कायदा १९६२ पासून आहे. तिथे घरापासून दोन किलोमीटरच्या आत जागा दाखवावी लागते आणि दाखला पोलीस देतात. आपल्याकडे सोसायटीच्या साध्या पत्रावर दाखला दिला, तर एकाच जागेवर तीन दाखले निघतील. प्रत्येक जागेला क्रमांक, मंजूर नकाशाशी जुळणारे माप आणि एकच सार्वजनिक नोंदवही, एवढे झाले तरच त्या दाखल्याला अर्थ आहे.

कारवाईबद्दल. राज्यात डिसेंबर २०२१ पासून नो पार्किंगला पहिल्यांदा ५०० रुपये आणि पुढच्या वेळी १५०० रुपये दंड आहे. गाडी उचलली तर टोइंगचा आकार वेगळा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे गाडी हलवण्याचा अधिकार गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याचा आहे, ठेकेदाराच्या माणसांचा नाही. व्हॅनवर पोलीस नसेल तर विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. चलानाच्या फोटोत नुसती नंबरप्लेट असेल आणि फलक किंवा चौक दिसत नसेल, तर महाट्रॅफिक ॲपवर तक्रार नोंदवावी. सोबत त्या जागेचा, फलक कुठे आहे हे दाखवणारा फोटो जोडावा. दुचाकी उचलायला सोपी म्हणून तीच जास्त उचलली जाते आणि फाटकासमोरची कार तशीच राहते, ही रहिवाशांची खरी वेदना आहे. कारला जॅमर लावून भागत नाही, कारण जॅमर लावलेली कार रस्ता अडवतच राहते. जिथे वाट अडते तिथे कार उचललीच पाहिजे.

मुंबईत जुलै २०१९ मध्ये महापालिकेच्या २६ वाहनतळांच्या परिसरात बेकायदा पार्किंगसाठी चारचाकीला दहा हजार रुपये दंड सुरू झाला होता. दंडाआधी जवळ वाहनतळ आहे का, हे तिथे निदान पाहिले गेले. पुण्यात मुख्य सभेने मार्च २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केले आणि ते आधी पाच रस्त्यांवर राबवायचे ठरले, पण राहत्या गल्ल्यांचा प्रश्न होता तिथेच राहिला. पेठांत महापालिकेचे वाहनतळ आहेत, मंडईजवळ आर्यन आणि मिनर्व्हा, नारायण पेठेत हमालवाडा. बाजार उठल्यावर तिथे ग्राहकांची गर्दी नसते. रात्री नऊ ते सकाळी नऊ असा रहिवाशांचा मासिक पास या वाहनतळांवर आधी द्यावा, रस्त्यावरचा नंतर.

शेवटी वाचकांसाठी एक कामाची गोष्ट. कुठल्याही रस्त्यावर नो पार्किंग किंवा सम-विषम करताना पोलीस उपायुक्त, वाहतूक शाखा, आधी तात्पुरता आदेश काढतात आणि हरकती मागवतात, बहुधा पंधरा दिवसांची मुदत देऊन. त्यानंतर अंतिम आदेश निघतो. ही सूचना वर्तमानपत्रात दोन-चार ओळींत येते आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटते. हरकत लिहिताना ‘आम्हाला त्रास होतो’ एवढेच लिहू नये. गल्लीची रुंदी, दोन्ही बाजूंची फाटके, दोन वेळांना मोजलेल्या गाड्या आणि कोणती बाजू मोकळी हवी, हे हाताने काढलेल्या साध्या नकाशासह द्यावे आणि पोच घ्यावी. या मोजणीला दोन माणसे, तीस मीटरची एक टेप आणि अर्धा तास पुरतो.

आपला,
एक रहिवासी, सदाशिव पेठ, पुणे ३०