भविष्याच्या बातमीत टप्पाही सांगावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञानविषयक पानावर उद्याच्या जगाविषयीचे लेखन वाढले आहे, त्याचे स्वागतच आहे. मात्र प्रयोगशाळेत एकदाच साधलेली गोष्ट आणि कारखान्यातून बाहेर पडू लागलेली वस्तू या दोहोंची बातमी एकाच सुरात दिली जाते, हे खटकते.

अणुसंमीलनाचे, म्हणजे हलकी अणुकेंद्रके जोडून ऊर्जा मिळवण्याचे, पाहा. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत इंधनाच्या गोळीवर २.०५ मेगाज्यूल लेसर-ऊर्जा सोडल्यावर ३.१५ मेगाज्यूल ऊर्जा मिळाली. हे यश निःसंशय मोठे होते. परंतु ते लेसर चालवण्यासाठी वीजजाळ्यातून सुमारे ३०० मेगाज्यूल ऊर्जा घ्यावी लागली होती. शिवाय या पद्धतीने वीजकेंद्र चालवायचे, तर असा स्फोट दर सेकंदाला अनेकदा घडवावा लागेल, उष्णतेपासून वीज करताना होणारी घट सोसावी लागेल आणि निसर्गात जवळजवळ न सापडणारे ट्रिटियम हे इंधन (हायड्रोजनचे जड रूप) संयंत्रातच तयार करावे लागेल. ‘अमर्याद ऊर्जा दारात’ अशा धाटणीच्या मथळ्यात यातले काय उरते?

याउलट, १९५४ मध्ये बेल प्रयोगशाळेने दाखवलेला सिलिकॉनचा सौरघट सूर्यप्रकाशाच्या जेमतेम ६ टक्के ऊर्जेचे विजेत रूपांतर करी. पुढे दशकानुदशके तो सुधारत आणि स्वस्त होत गेला, आणि किमतीच्या या संथ घसरणीनेच ऊर्जेचे अर्थकारण बदलले. कॅटालिन कॅरिको आणि ड्र्यू वाइसमन यांच्या २००५ मधील एमआरएनए (पेशीला प्रथिन बनवण्याची सूचना देणारा रेणू) संशोधनाकडेही त्या वेळी फारसे कोणी वळून पाहिले नाही. त्यावर आधारलेल्या लशी २०२० मध्ये आल्या, नोबेल २०२३ मध्ये. भविष्य घडवणाऱ्या गोष्टी अनेकदा अशा कंटाळवाण्या वाटेने येतात, आणि कंटाळ्याला मथळा मिळत नाही, हेही खरे.

भाकितांबाबत अधिक सावध राहायला हवे. माणूस करू शकतो ते कोणतेही काम यंत्रे वीस वर्षांत करू लागतील, असे हर्बर्ट सायमन यांनी १९६५ मध्ये म्हटले होते, आणि ते कृत्रिम बुद्धिमत्तेचे अग्रणी अभ्यासक होते. या विषयातील आजची भाकिते यामुळे खोटी ठरत नाहीत. पण भाकीत करणारी कंपनीच गुंतवणूकदारांच्या शोधात असेल, तर ते वाचकाला कळायला हवे.

म्हणून विनंती अशी, की अशा प्रत्येक बातमीत संबंधित तंत्रज्ञान प्रयोगशाळा, चाचणी की प्रत्यक्ष वापर यांपैकी कोणत्या टप्प्यावर आहे आणि त्यापुढील सर्वांत मोठा अडथळा कोणता, हे दोन ओळींत द्यावे; तसेच दरवर्षी एकदा आपणच छापलेल्या जुन्या भाकितांचा आढावा घ्यावा.

आपला,
एक नियमित वाचक